इलियाची धून कोणाची?

विज्ञानपटांच्या संगीताविषयी लिहायला बसले की प्रथम एक शंका दूर करावी लागते. याने, यंत्रमानव आणि परग्रहवासी यांच्या गर्दीत प्रणयाच्या धुनेला जागा ती किती, आणि तिच्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे असे तिच्यात आहे तरी काय, असे सुज्ञ वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. आमचे मत मात्र उलट आहे. कौटुंबिक चित्रपटात नायिका म्हणजे नायिकाच. ती नेमकी कोण, हा प्रश्न संगीतकाराला पडत नाही. विज्ञानपटात ती मध्येच नाहीशी होते, तिच्या जागी तिच्याच चेहऱ्याची दुसरी कोणी येऊन उभी राहते, किंवा ती मुळातच कारखान्यात घडवलेली निघते. अशा वेळी संगीतकाराला एक निर्णय घ्यावाच लागतो. जिच्यासाठी धून बांधली, ती धून तिच्या प्रतिकृतीसाठी वाजवायची की नाही? या एका निर्णयात प्रेम म्हणजे काय, याविषयीची त्या चित्रपटाची सारी समजूत उघडी पडते.

व्यक्तिरेखेला तिची स्वतःची धून बहाल करायची, आणि ती व्यक्ती रंगमंचावर आली किंवा तिची नुसती आठवण निघाली तरी वाद्यवृंदातून ती धून उमटवायची, ही पद्धत एकोणिसाव्या शतकात वाग्नरने आपल्या संगीतिकांतून पूर्णत्वाला नेली. तिला ‘लाइटमोटिफ’ म्हणतात. हॉलिवूडने ती उचलली, आणि १९७७ साली ‘स्टार वॉर्स’मध्ये जॉन विल्यम्स यांनी तिला पुन्हा राजवैभव मिळवून दिले. त्यातली राजकन्या लेयाची धून आठवून पाहावी. मंद्र पंचमावरून एकदम मध्य सप्तकातल्या शुद्ध गंधारावर घेतलेली झेप, आणि मग हळूहळू खाली उतरणे. पुढे १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये लेया आणि हान सोलो यांच्या प्रेमासाठी विल्यम्स यांनी नवी धून बांधली, तीही याच झेपेने सुरू होते. एकाच घरातल्या दोन बहिणींचा नाकाचा शेंडा सारखा असावा, तसे हे साम्य आहे.

येथवर सारे नियमाला धरून आहे. पण त्याच पहिल्या चित्रपटात वृद्ध बेन केनोबी मारला जातो, तेव्हा वाद्यवृंद एकदम उसळून जी धून वाजवतो, ती बेनची नसून लेयाची असते. लेयाचा आणि त्या म्हाताऱ्याचा सहवास म्हणावा असा काही नाही. तरीही धून तिची. नावाची चिठ्ठी लावलेली धून ऐन वेळी भलत्याच व्यक्तीसाठी वाजते आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही, याचा अर्थ ती चिठ्ठी फारशी घट्ट चिकटलेली नसावी. धून ज्याच्या नावाची त्याच्याच मालकीची असते काय, हा प्रश्न आम्हाला प्रथम येथे पडला.

त्याचे उत्तर शोधताना ज्या धुनेपाशी आम्ही येऊन थांबलो, तिचा आपल्या मुंबईशी थेट संबंध आहे. ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’ हा चित्रपट डिसेंबर १९७९मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, संगीतकार जेरी गोल्डस्मिथ. त्यातली लेफ्टनंट इलिया साकारली ती पर्सिस खंबाटा हिने. मुंबईच्या पारशी कुटुंबात १९४८ साली जन्मलेली ही मुलगी १९६५मध्ये ‘फेमिना मिस इंडिया’ झाली, ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बम्बई रात की बाँहों में’ या चित्रपटात चमकली, आणि मग परदेशी गेली. इलियाच्या भूमिकेसाठी तिने डोक्यावरचे सगळे केस उतरवले. सौंदर्यस्पर्धेत जिंकलेल्या तरुणीने केस उतरवणे, हीच त्या काळी मोठी बातमी होती. १९८०च्या ऑस्कर समारंभात ती पुरस्कार प्रदान करणाऱ्यांमध्येही होती. हे सारे आजही अधूनमधून कोठेतरी छापून येते. तिच्यासाठी एका थोर संगीतकाराने जी धून बांधली, तिचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

गोल्डस्मिथ यांनी ती धून ठेवली आहे चित्रपट सुरू होण्याच्याही आधी. पडद्यावर कथा नाही, पात्र नाही, आणि सुमारे तीन मिनिटे केवळ इलियाची धून वाजत राहते. आपल्या संगीत नाटकात पडदा उघडण्यापूर्वी नांदी व्हायची, तिची येथे आठवण होते. फरक इतकाच की या नांदीत देवाचे स्तवन नसून एका स्त्रीची ओढ आहे, आणि त्या स्त्रीला आपण अजून पाहिलेलेही नाही. आम्ही मुलुंडला राहतो. लोकलमध्ये कानात यंत्र घालून ही नांदी ऐकू लागलो की नाहूर सोडून भांडुप येईस्तोवर ती संपते. डब्यातल्या गर्दीत डोळे मिटून ऐकताना तिचे एक वैशिष्ट्य ध्यानात येते. ती कोणाचे वर्णन करीत नाही. चेहरा, केस, चाल, बोलणे, यांपैकी काहीही ती सांगत नाही. कोणाची तरी वाट पाहत असलेल्या माणसाच्या मनात जे चाललेले असते, तेवढेच तिच्यात आहे.

आता कथा. इलिया आणि डेकर या अधिकाऱ्याचे पूर्वी प्रेम होते. दोघे पुन्हा एकाच यानावर येतात. व्हीजर नावाची एक अजस्र यंत्रशक्ती पृथ्वीकडे निघाली आहे. ती इलियाला उचलून नेते, आणि तिच्या जागी तिच्याच रूपाचे एक शोधयंत्र यानावर पाठवते. चेहरा तोच, आवाज तोच, डोळ्यांत ओळख नाही. हे यंत्र माणसांना ‘कर्क-घटक’ अशा धर्तीवर संबोधते. मात्र डेकर समोर येताच ते नुसते ‘डेकर’ म्हणते. ‘घटक’ हे शेपूट गळून पडते. आत कोठेतरी इलिया शिल्लक असावी, अशी आशा साऱ्यांना वाटू लागते ती या गळलेल्या एका शब्दामुळे. मग डेकर तिला ओळखीच्या जागा दाखवतो, ओळखीचे खेळ दाखवतो; तिची कपाळपट्टी आणून तिच्या कपाळावर बांधली जाते. शाकुंतलातली अंगठीच ही, फक्त येथे विसर दुष्यंताला पडलेला नसून शकुंतलेला पडला आहे. या प्रसंगांत इलियाची धून परत येते. नांदीतला भरघोस वाद्यमेळ आता नाही. कोणी दाराशी येऊन, आत यावे की नाही अशा विचारात उभे राहावे, तशी ती येते.

हा प्रसंग आम्हाला निव्वळ कल्पनाविलास वाटत नाही, याला कारण आहे. आमची मावशी घाटकोपरला पंतनगरात राहत असे. आमचे अर्धे बालपण तिच्या घरी गेले. अखेरच्या वर्षांत तिला स्मृतिभ्रंश झाला. चेहरा तोच होता, आवाज तोच होता, पोळी लाटताना मनगटाला यायचा तो झोकही तोच होता. बदलले ते संबोधन. जन्मभर आम्हाला ‘अरे’ म्हणणारी मावशी एका रविवारी म्हणाली, “अहो, बसा ना. आपण कुठून आलात?” मराठी माणसाला हे संबोधन किती दूर लोटते, हे निराळे सांगायला नको. ‘अरे’ आणि ‘अहो’ यांच्यामध्ये एका अक्षराचा फरक आहे आणि त्या फरकात सगळे नाते मावते. नातेवाइकांपैकी कोणी तिला जुनी छायाचित्रे दाखवीत, कोणी तिच्या आवडीची नाट्यपदे लावीत. ती सारे सौजन्याने पाही, सौजन्याने ऐके, आणि थोड्या वेळाने खिडकीबाहेर नजर लावून बसे. पाहुण्यांकडे गेल्यावर आपण जसे यजमानांच्या मुलाचे गाणे ऐकून घेतो, तसे ते ऐकणे होते. पुढे एकदा दिवेलागणीला आम्ही उठून निघालो तेव्हा पाठीमागून शब्द आले, “अरे, छत्री घे.” आम्ही वळून पाहिले. ती खिडकीबाहेरच पाहत होती.

ते ‘अरे’ मावशीचे होते, की जिभेवर उरलेली नुसती सवय होती? चित्रपटात हे कळायला मार्ग असतो. धून वाजली की प्रेक्षक समजतो, आत कोणीतरी आहे. पंतनगरच्या त्या खोलीत वाद्यवृंद नव्हता. खाली रिक्षांचा आवाज होता आणि वर पंखा होता. विज्ञानपटांतल्या प्रतिकृतींच्या धुना आम्ही एकापुढे एक ठेवून ऐकू लागलो ते त्यानंतर.

अशी पहिली मोठी प्रतिकृती १९७२ सालच्या तारकोव्स्कीच्या ‘सोलारिस’मध्ये भेटते. सोलारिस या ग्रहावरचा सागर क्रिस केल्विनच्या मनातून त्याची मृत पत्नी हारी घडवून त्याच्यापुढे उभी करतो. संगीतकार एदुआर्द आर्तेम्येव्ह. पण हारीसाठी नवी धून बांधलेली नाही. तेथे बाखचे सुमारे अडीचशे वर्षांपूर्वीचे ऑर्गनवरील एक प्रार्थनागीत येते. तेच चित्रपटाच्या श्रेयनामावलीलाही आहे, म्हणजे येथेही धून व्यक्तीच्या आधी येऊन थांबलेली आहे. ते सूर मूळ हारीचे नाहीत आणि प्रतिकृतीचेही नाहीत. क्रिस पृथ्वीवरून जे काही बरोबर घेऊन आला, आई, घर, अपराधाची बोचणी, त्या साऱ्याचे ते सूर आहेत. खरी कोण आणि खोटी कोण, या वादात ते पडतच नाहीत. समोर जी उभी आहे, तिच्यावर ते सारखेच बरसतात.

दुसरी प्रतिकृती १९८२च्या ‘ब्लेड रनर’मधली रेचेल. ती कारखान्यात घडवलेली आहे आणि तिच्या आठवणीही उसन्या, तिच्या निर्मात्याच्या पुतणीच्या. ती पियानोपाशी बसून वाजवते, पण शिकवणीची जी आठवण मनात आहे ती आपली की त्या पुतणीची, हे तिला सांगता येत नाही. यापुढे व्हँगेलिस यांची सुप्रसिद्ध प्रणयधून येते. डिक मॉरिसी यांच्या सॅक्सोफोनवरची, जागरणाने जड झालेल्या रात्रीसारखी. धून म्हणून ती अप्रतिम आहे. पण डोळे उघडे ठेवून तो प्रसंग पाहावा. रेचेल निघून जाऊ पाहते, डेकार्ड दार बंद करून तिची वाट अडवतो, तिने काय म्हणायचे तेही तोच सांगतो. वाद्ये प्रणय म्हणतात आणि पडद्यावर सक्ती चाललेली असते. येथे धून प्रेम करणाऱ्याची आहे यात शंका नाही. इतकी त्याची आहे की समोरच्या व्यक्तीच्या होकार-नकाराला तिच्यात जागाच उरत नाही. आमच्या मांडणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप याच प्रसंगातून निघतो, म्हणून तो बाजूला टाकता येणार नाही. त्याकडे पुन्हा येऊ.

आपल्याकडे काय आहे, असे येथे वाचक विचारील. आपल्या चित्रपटात प्रणयाची धून बहुधा गाणे म्हणून जन्माला येते, आणि मग तिचाच मुखडा व्हायोलिनवर किंवा बासरीवर पार्श्वसंगीतात फिरत राहतो. त्यामुळे ती एका पात्राची न राहता दोघांची होते, आणि पुष्कळदा तर चित्रपटातून सुटून साऱ्या गावाची होते. २००३च्या ‘कोई... मिल गया’मध्ये राजेश रोशन यांनी केलेली वाटणी पाहण्यासारखी आहे. संगणकावरून अंतराळात जाणारी खुणेची सुरावट मिळाली परग्रहवासी जादूच्या वाट्याला, आणि नायिका निशाच्या वाट्याला गाणी. जादूला धून, निशाला गाणी! परका तो धुनेने ओळखायचा, आपले माणूस गाण्यात सामावून घ्यायचे, असा हा हिशेब आहे.

याहून मार्मिक उदाहरण १९८७च्या ‘मिस्टर इंडिया’चे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या त्या संगीतात निळ्या साडीतल्या श्रीदेवीचे जे प्रणयगीत आहे, त्यात नायक बराच वेळ दिसतच नाही. अदृश्य होण्याचे यंत्र त्याच्या मनगटावर आहे आणि केवळ तांबड्या प्रकाशात त्याची आकृती उमटते. मग पडद्यावर नायक म्हणून असते तरी काय? किशोरकुमारांचा आवाज. नायिका मिठी मारते ती त्या आवाजाला. आणि तो आवाज तरी नायकाचा कोठे आहे? नायिकेच्या ओठांवरचा आवाजही अलिशा चिनॉय यांचा. पार्श्वगायन १९३५ सालापासून आपल्या अंगवळणी पडले आहे. देह एकाचा, गळा दुसऱ्याचा, आणि तरीही प्रेम खरे, हे आपल्या प्रेक्षकाने केव्हाच मान्य करून टाकले. लताबाईंचा एकच आवाज कितीतरी नायिकांच्या मुखातून आला आणि त्यामुळे कोणाचेही प्रेम कमी अस्सल ठरले नाही. पश्चिमेच्या विज्ञानपटाला जो पेच पडतो, तो आपल्याकडे गाण्याच्या पहिल्या ओळीपाशीच सुटलेला असतो.

की त्यातून आपण नुसती पळवाट काढली आहे? २०१६ साली सुजय डहाके यांनी मराठीत ‘फुंतरू’ काढला, तेव्हा हा प्रश्न आमच्या भाषेत आला. अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आवडत्या मुलीची होलोग्रामच्या रूपाने प्रतिकृती उभी करतो. दोन्ही रूपांत केतकी माटेगावकर, म्हणजे गायिका असलेली अभिनेत्री. हारी, इलिया आणि रेचेल यांच्या पंक्तीला मराठी प्रतिकृती आली, याचे आम्हाला कौतुक वाटले. या मुलाला हवी आहे ती खरी मुलगी, की त्याच्या मनातली? खरी मुलगी नाही म्हणू शकते. प्रतिकृती घडवणाऱ्याची मूळ अपेक्षा हीच असते की तिने नाही म्हणू नये. येथे ‘ब्लेड रनर’मधले बंद दार पुन्हा आठवते.

तेव्हा आता त्या आक्षेपाकडे. लेयाची धून बेनच्या मरणावर वाजते, बाखची प्रार्थना हारीच्या आधीपासून वाजत असते, इलियाची नांदी इलिया दिसण्यापूर्वी संपते. यावरून आमचा निष्कर्ष असा की प्रणयधून जिच्या नावाची असते तिची ती नसते. जो तिला मनात धरून असतो, त्याची असते. इलियाची धून खरे पाहता डेकरची आहे. आक्षेप असा की, असे असेल तर प्रेम म्हणजे आपल्याच आठवणीवरचे प्रेम झाले, आणि समोरचा माणूस त्या आठवणीचा केवळ पडदा. रेचेलपुढे दार लावून घेणारा डेकार्डही स्वतःची धूनच वाजवीत होता.

आक्षेप खरा आहे. पण दोन धुनांत भेद करता येतो. एक धून समोरच्याला सांगते, तू अमुक हो. दुसरी सांगते, तू कोणीही झालीस तरी हे सूर येथे आहेत. सॅक्सोफोनची ती धून पहिल्या जातीची. गोल्डस्मिथ यांची दुसऱ्या जातीची, आणि याचा पुरावा कथेतच आहे. डेकर शेवटी ‘मला माझी इलिया परत द्या’ असा हट्ट धरीत नाही. जी समोर आहे, यंत्र असलेली, अर्धवट ओळखीची, तिच्यासह तो व्हीजरमध्ये विलीन होतो. बदलायचे असेल तर मीच बदलेन, असा त्याचा कौल आहे. दाराशी थांबून राहिलेल्या त्या धुनेत हा कौल आधीपासून होता.

मावशीच्या ‘अरे’चे काय करायचे, हेही आम्हाला येथूनच उमगले. ते तिचे होते की सवयीचे, याचा निवाडा करण्याची गरज नव्हती. ती ‘अहो’ म्हणाली त्या रविवारी आम्ही पाहुण्यासारखे बसलो, घराची वास्तपुस्त केली, चहा चांगला झाल्याचे सांगितले. ‘अरे’ म्हणाली त्या संध्याकाळी छत्री घेतली. दोन्ही वेळी आमच्या मनात वाजत होते ते एकच होते, आणि ते तिला ऐकू गेलेच पाहिजे असा आग्रह नव्हता.

असो. त्या चित्रपटाच्या शेवटच्या श्रेयनामावलीत गोल्डस्मिथ यांनी आपला जोमदार मार्च आणि इलियाची धून एकत्र गुंफली आहेत. आधी मार्च, मग ती, मग पुन्हा मार्च. पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मार्च १९८७ साली ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत झाला आणि जगभर घरोघरी पोहोचला. इलियाची धून त्या एका चित्रपटापाशी थांबली. पर्सिस खंबाटा मायदेशी परतली, १९९७मध्ये भारतीय सौंदर्यसम्राज्ञींवर तिने ‘प्राइड ऑफ इंडिया’ हे पुस्तक काढले, आणि १८ ऑगस्ट १९९८ रोजी मुंबईतच हृदयविकाराने तिचे निधन झाले. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. गोल्डस्मिथही २००४मध्ये गेले.

म्हणजे जिच्या चेहऱ्यासाठी ती धून होती ती नाही, जिने ती बांधली ती लेखणीही नाही. धून मात्र जशीच्या तशी आहे, आणि आमच्या मांडणीप्रमाणे पाहिले तर यात विचित्र असे काही नाही. ती आता ऐकणाऱ्याची आहे. या शहरातल्या एका मुलीसाठी परक्या देशात कोणीतरी तीन मिनिटे वाट पाहून ठेवली आहे. तिच्या शहराने ती एकदा तरी ऐकावी, एवढीच आमची इच्छा आहे.